समासातल्या इंदूताई

इंदूताईंनी मला लिहिलेलं पहिलं वाक्य असं होतं : "बांधकरी, तुमची पुरवणी हातात घेण्याआधी विचारते. मी कुठवर येऊ?"

मला काही अर्थ लागेना. उलट विचारलं तर सविस्तर उत्तर आलं. ओट्यापर्यंत यायचं असेल तर नुसतं शुद्धलेखन बघते. बैठकीत बोलावलंत तर वाक्यं बघते. स्वयंपाकघरात येऊ दिलंत तर गोष्ट कशी शिजली तेही सांगते. जेवढं दार उघडाल तेवढंच येईन, आणि कुठवरही आले तरी तुमचं भांडं माझ्या हातानं हलवणार नाही.

मी ऐटीत लिहिलं, थेट चुलीपर्यंत या.

हे सगळं कशाबद्दल चाललं होतं ते आधी सांगायला हवं, आणि ते सांगायची मला अजूनही लाज वाटते. खूप वर्षांपूर्वी टीव्हीवर एक मालिका लागायची. तालुक्याच्या गावातलं पोस्ट ऑफिस, तिथले पोस्टमास्तर भास्करराव, तारेच्या खोलीत बसणारी मंदा आणि बाबू पोस्टमन, एवढ्या तिघांवर ती चालायची. एका बुधवारी मंदाच्या हाती एक पाकीट आलं, तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं, आणि पुढच्या बुधवारी त्या वेळेला दुसराच कार्यक्रम लागला. मालिका बंद पडली. पाकिटात काय होतं ते कोणालाच कळलं नाही. पुढं इंटरनेट आलं तसे आमच्यासारखे झपाटलेले लोक एका संकेतस्थळावर जमले आणि पुढचं आपणच लिहायला लागले. याला फॅन फिक्शन म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आम्ही पुरवणी म्हणायचो. परीक्षेत उत्तरपत्रिका भरली की मागून घेतो, तशी.

मी मूळचा पाचोडचा. शेती भाऊ बघतो, मी इथं शहरात, पुंडलिकनगरात राहतो आणि एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतो. पन्नाशीला टेकलेला माणूस टीव्हीतल्या मंदाचं पुढं काय झालं हे लिहीत बसतो, हे बायकोला सांगितलं नव्हतं, साहेबाला सांगायचा प्रश्नच नव्हता. तिथं मी 'बांधकरी' होतो. इंदूताई 'खिडकी क्रमांक दोन' होत्या.

आमच्याकडं रीत अशी होती की कोणतीही पुरवणी चढवण्याआधी एका स्वयंसेवकानं ती वाचायची. त्याला बीटा म्हणायचे. चढवताना वर एक ओळ लिहायची : 'आधी वाचली : अमुक अमुक.' एवढाच काय तो मोबदला. इंदूताईंना हा शब्द पहिल्यांदा बघून गंमत वाटली होती. त्यांनी तो बेटा असा वाचला. "अर्धं डोकं पांढरं झालं आणि ही मंडळी मला बेटा म्हणतात," असं त्या पुढं कधीतरी म्हणाल्या होत्या. नंतर कळलं तरी त्या मुद्दाम बेटाच म्हणत राहिल्या.

ताई स्वतः एकही पुरवणी लिहीत नसत. फक्त वाचत. आमचा मजकूर एका ऑनलाइन कागदावर असायचा, लेखकाला आणि बीटाला दोघांनाही दिसेल असा, आणि ताई त्याच्या समासात टिपा लिहायच्या. सहा वर्षांत त्यांनी माझा एक शब्दही स्वतः बदलला नाही. 'चूक' हा शब्द त्यांच्या टिपांत नसे. 'हे असंच हवंय का?' एवढंच असे. कधी नुसतं 'इथं दम लागला.' पहिल्यांदा ते वाचून मी घाबरलो, बाईंना दमा असावा. तसं नव्हतं. त्या प्रत्येक पुरवणी मोठ्यानं वाचायच्या, आणि जिथं श्वास पुरला नाही तिथं खूण करायच्या.

माझ्या पहिल्या पुरवणीत मी मंदाला पुस्तकात बोलतात तसं बोलायला लावलं होतं. ताईंनी समासात विचारलं : 'मंदा पाचोडकडची आहे असं तुम्हीच वर लिहिलंय. मग ती "नाही" का म्हणते? हे असंच हवंय का?' मी ती टीप घेऊन दिवसभर आवक-जावकच्या रजिस्टरपुढं बसून होतो. शाळेत मास्तरांनी छडीनं काढून टाकलेलं 'नाय' मला कोणीतरी परत देत होतं. मी मंदाला 'नाय' म्हणू दिलं, 'लई' म्हणू दिलं, आणि त्या पुरवणीवर पन्नासेक लोकांनी लिहिलं की मंदा पहिल्यांदा जिवंत झाली. लोक मला नावाजत होते. ताईंनी लिहिलं, 'अभिनंदन, बांधकरी. मला फक्त ऐकू आलं, बोललात तुम्हीच.'

आम्ही एकाच गावात राहतो हे एका बसमुळं कळलं. मी बाबू पोस्टमनला पाचोडच्या सकाळी सहाच्या गाडीत बसवलं होतं. समासात टीप आली : 'त्या काळी ही गाडी पावणेसातची होती आणि रोज उशिरा यायची. सहालाच हवी असेल तर राहू द्या.' मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? उत्तर आलं, "बावीस वर्षं मीच पुकारली ना ती."

ताई इथल्या बसस्थानकावर चौकशीच्या दोन नंबरच्या खिडकीत होत्या. खिडकीत माहिती द्यायची आणि मधूनमधून माईकवर गाड्या पुकारायच्या. औरंगपुऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानात आम्ही पहिल्यांदा भेटलो. नजर अधू झाली होती म्हणून त्या सगळ्यांच्या पुरवण्या तिथं मोठ्या अक्षरांत छापून घेत. साडेचार फुटांची बाई, सुती साडी, काखेत कापडी पिशवी. त्या "या बांधकरी" म्हणाल्या आणि मी जागच्या जागी थांबलो. कॉलेजच्या दिवसांत ह्याच आवाजानं दर शनिवारी मला घरी धाडलं होतं. तो आवाज इतक्या लहान अंगातून येत असेल असं कधी वाटलं नव्हतं.

मी माझं खरं नाव सांगितलं. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकून घेतलं आणि पुन्हा बांधकरीच म्हणाल्या. माणूस ज्या नावानं आपणहून ओळख देतो, त्याच नावानं त्याला हाक मारावी, असं त्यांचं होतं. संकेतस्थळावरच्या अठरा वर्षांच्या पोरींनाही त्या अहो-जाहो करत.

लातूरकडचे एक निवृत्त बँक मॅनेजर आमच्यात होते. त्यांनी ताईंना ओट्यापर्यंतच बोलावलं होतं, फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा म्हणून. त्यांच्या पुरवणीत भास्करराव तिसऱ्या पानावर वारतात आणि नवव्या पानावर खिडकीत बसून तिकिटं विकतात. ती तशीच चढली आणि लोकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. मी ताईंना म्हणालो, तुम्हाला दिसलं नाही का? त्या म्हणाल्या, "ओट्यावरून दिसलं ना. पण आत बोलावलं नव्हतं." पुढं मॅनेजरसाहेबांनीच हसत हसत सगळ्यांना सांगितलं की ताईंनी तिसऱ्या पानावरचा 'कैलासवासी' शब्दाचं ऱ्हस्व-दीर्घ समासात दाखवून शेजारी लिहिलं होतं, 'हा शब्द नवव्या पानावर पुन्हा लागेल का?' आणि यांनी उत्तर दिलं होतं, 'नको, एकदा पुरे.'

त्यांच्या घरी मी दोनदाच गेलो. माझ्या घरापासून पायी वीस मिनिटांवर, दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली आणि समोर गच्ची. लग्न केलं नव्हतं. भाऊ होता, तो वारल्यावर भाचे पुण्याकडं गेले. खालच्या मजल्यावर एक चाची राहायच्या, ताईंना बाजी म्हणणाऱ्या. पहिल्या वेळी जिन्यात त्यांनीच मला अडवलं आणि हळूच विचारलं, "भाई, तुम रिश्तेदार है क्या? बाजी अकेली रहती, लेकिन दोपहर में किसी मंदा से झगडती. हम दो बार उप्पर देखके आए, कोई नै रहता." मी ताईंना सांगितलं तर त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, "बरंय ना. खाली त्यांना वाटतं घरात माणसं आहेत."

भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती आणि खाली बुद्धाची लहानशी मूर्ती. ती बघितली आणि मला त्यांचं ते 'कुठवर येऊ' आठवलं. आमच्या पाचोडच्या घरी कोण ओट्याच्या अलीकडं उभं राहायचं आणि कोण आत यायचं, हे मी लहानपणी रोज बघितलं होतं. कधी कोणाला सांगावं लागलं नव्हतं. ताईंना ते मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

त्यांचा एक नियम होता. एकाचा मजकूर दुसऱ्यापाशी काढायचा नाही. त्या एका वेळी आठ-दहा जणांचं वाचत, पण कोण काय लिहितंय हे कधी त्यांच्या तोंडून निघालं नाही. "लोक मला कच्चं दाखवतात हो," त्या म्हणत. "कच्चं दाखवायला लई धीर लागतो."

तो नियम मी मोडायला लावला.

आमच्या संकेतस्थळावर दिवाळीला स्पर्धा असायची. नाशिकची एक लेखिका होती, 'सांजवेळ' नावानं लिहायची, आणि दरवर्षी तिलाच पहिला नंबर मिळायचा. भाषा अशी की वाचून जीव जळावा. तिचीही बीटा ताईच. त्या वर्षी माझी पुरवणी चांगली उतरली होती. मी समासात लिहिलं : 'ताई, खरं सांगा. सांजवेळची यापेक्षा चांगली आहे का?' दोन दिवस उत्तर नाही. मी पुन्हा लिहिलं : 'सहा वर्षांत तुमच्याकडं काही मागितलं नाही. एवढं एक सांगा.'

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'तिची भाषा तुमच्यापेक्षा देखणी आहे. पण तिची सगळी माणसं तिच्यासारखीच बोलतात, बाबू पोस्टमनसुद्धा. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही, न दुखवता सांगायला शब्द शोधते आहे. तुम्ही विसरून जा.'

मी विसरलो नाही. दिवसातून चारदा ते उघडून वाचायचो. मात्र माझा प्रश्न शेजारी दिसला की मला माझीच शरम वाटायची, म्हणून मी माझे दोन्ही प्रश्न पुसून टाकले. उत्तर ठेवलं.

स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, कचेरीत जेवणाच्या सुट्टीत, मी घाईघाईनं पुरवणी त्या कागदावरून उतरवून घेतली आणि चढवली. असा कागद उतरवला की समासातल्या टिपा आपोआप शेवटी येऊन बसतात, हे माझ्या ध्यानात नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन बघितलं तर शंभरावर लोकांचं वाचून झालं होतं. पुरवणीच्या तळाशी ताईंच्या सदतीस टिपा ओळीनं उभ्या होत्या. 'इथं दम लागला.' 'हे असंच हवंय का?' आणि मधोमध ती. प्रश्नाशिवाय. जणू बाई आपण होऊन एकीच्या पाठीमागं दुसऱ्याला सांगत बसल्या होत्या.

सांजवेळनं एकच ओळ लिहिली : 'ताई, मला सांगायला शब्द सापडत नव्हते आणि यांना सांगायला सापडले?'

त्याखाली लोकांची रांग लागली. आमचंही असंच बोलत असाल. आम्ही विश्वासानं कच्चं दिलं. ताईंनी तासाभरात उत्तर लिहिलं : 'चूक माझी आहे. सांजवेळ, तुमची क्षमा मागते.' सहा वर्षांत 'चूक' हा शब्द त्यांनी पहिल्यांदा लिहिला, तो स्वतःसाठी. माझ्याबद्दल एक अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी संकेतस्थळ चालवणाऱ्या गृहस्थांचा मला खासगी निरोप आला. त्यांनी सरळ विचारलं होतं. ताईंनी हे आपणहून लिहिलं, की तुम्ही विचारलं होतं? तुम्ही विचारलं असेल तर गोष्ट वेगळी आहे, मी लोकांना समजावतो. आपणहून लिहिलं असेल तर त्यांना स्वयंसेवकांच्या यादीतून काढावं लागेल.

इतकं सोपं होतं. 'मी विचारलं होतं.' तीन शब्द. ते मी टाइप केलेही. मग मला दिसलं की लोक मला काय म्हणतील. जळका. दुसरीची पुरवणी कशीये ते समासात विचारत बसलेला. स्पर्धेतून नाव जाईल ते वेगळंच. मी ते शब्द पुसले आणि लिहिलं : 'नक्की आठवत नाही. त्यांनी आपणहूनच लिहिलं असावं.'

बाईंचं नाव यादीतून गेलं.

मला त्या वर्षी दुसरा नंबर मिळाला. पुरवणीच्या वरची 'आधी वाचली : खिडकी क्रमांक दोन' ही ओळ मी काढली, लोक टोचून बोलतात म्हणून. त्यानंतर त्यांना कोणी काही पाठवेनासं झालं. मीही पाठवलं नाही. तोंड कुठलं होतं? तीन महिन्यांनी त्यांचा निरोप आला : 'बांधकरी, बऱ्याच दिवसांत पुरवणी नाही. बरे आहात ना?' मी तो वाचला. आमच्या घरात रात्री जेवताना चार माणसं एकदम बोलतात. तिकडं ती खोली दुपारची कशी असेल ते मला माहीत होतं. तरी उत्तर दिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू करत वर्ष गेलं. रस्त्यानं जाताना मी त्यांची गल्ली टाळायचो.

एकदा भाजी आणायला निघालो होतो तेव्हा त्या चाचीच समोर आल्या. त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, "वो बाजी अब किसी से नै झगडती. आवाजच नै आता उप्पर से." मी भाजी न घेताच त्यांच्या घराकडं वळलो. ही दुसरी आणि शेवटची खेप.

ताईंनी दार उघडलं, "या बांधकरी" म्हणाल्या, जणू कालच येऊन गेलो होतो. चहा ठेवला. मी सांगायला सुरुवात केली आणि तीन वाक्यांत अडखळलो. त्यांनी हातानं थांबवलं.

"मला माहिती आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिकडून पुसलं, पण समासात कोणी काही लिहिलं की मला ईमेल येतो. तुमचे दोन्ही प्रश्न माझ्याकडं आहेत. तारखेसकट."

वर्षभर त्यांच्या हातात ते होतं. एकदा पुढं पाठवलं असतं तर त्या सुटल्या असत्या आणि मी उघडा पडलो असतो.

"मग दाखवलं का नाही, ताई?"

त्यांनी गाळणीनं चहा गाळला, दोन्ही कपांत सारखा आहे का बघितलं. "तुम्ही ते पुसलं होतं ना," त्या म्हणाल्या. "लेखकानं पुसलेलं आपण लोकांना दाखवत नसतो."

त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. मी म्हणालो, मी आजच सगळं लिहून टाकतो, सगळ्यांच्या देखत. त्या म्हणाल्या, "लिहा. पण ते आधी वाचायला मला पाठवू नका."

त्या दिवशी घरी जाऊन मी लिहिलं नाही. चार वेळा बसलो. मग ते संकेतस्थळच बंद झालं, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात ताई गेल्या. चाचींनी दोन दिवसांनी कळवलं. माझा नंबर ताईंच्या वहीत 'बांधकरी' नावाखाली होता. हे लिहितोय ते कोणी आधी वाचलेलं नाही. कुठं दम लागत असेल तर लागू द्या.

त्या शेवटच्या दुपारी मी निघालो तशा त्या मला पोचवायला गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या. पाहुण्याला दारातून निरोप देणं त्यांना पटत नसे. ऊन होतं, मी नको म्हणत होतो, त्या हळूहळू चालत होत्या. चालता चालता त्यांनी विचारलं, "सांजवेळ लिहितात का अजून?"

मी म्हणालो, लिहिते. आणि मग, ते खरंच होतं म्हणून सांगितलं, की हल्ली तिचा बाबू पोस्टमन निराळा बोलतो. तुटक. त्याचं बोलणं आता त्याचंच वाटतं.

ताई थांबल्या. "म्हणजे वाचलं त्यांनी नीट," एवढंच म्हणाल्या. चेहरा उजळला होता, अगदी लहान मुलीसारखा. मी तो बघू शकलो नाही, म्हणून खाली बघितलं. त्यांच्या एका पायात निळी चप्पल होती आणि दुसऱ्यात तपकिरी, वेगळ्याच जोडातली. सकाळपासून त्या तशाच हिंडत असतील. घरात सांगायला कोणी नव्हतं. मी रिक्षाला हात केला, आत बसलो, आणि मीही सांगितलं नाही.